पाव प्रकल्प: होळीपर्यंत रोज ४०० ग्रॅम

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

नियम आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर पळवाटा काढता येणार नाहीत. रोज ४०० ग्रॅम पाव किंवा ब्रेड, म्हणजे दुकानातला नेहमीचा ब्रेडचा पुडा जेवढा असतो तेवढं वजन. किचनच्या काट्यावर मोजून. लादी पाव, ब्रून, बन, स्लाईस काहीही चालेल, पण खारी, टोस्ट आणि चहात बुडवायचे ते बटर धरायचे नाहीत, ते बिस्किटाच्या खात्यात. पोळी बंद. भात फक्त रविवारी कारण रविवारी मासे असतात आणि सुरमईच्या कालवणाशी मी कुठलीही तडजोड करत नाही. मुदत होळीपर्यंत.

आता हे सगळं कशाला तर ऑफिसात जेवताना वाद झाला. आमच्याकडचा एकजण म्हणाला पाव हे काय जेवण आहे का, पाव आजारी माणसाला देतात. आणि खरंय की, आपल्याकडे कोणी हॉस्पिटलात असलं की भेटायला जाणारे ब्रेडचा पुडा नाहीतर मोसंबी घेऊन जायचे, ताप आला की चहा-पाव, म्हणजे पाव म्हणजे एकतर आजारपण नाहीतर चैन, रोजचं जेवण नाही. मी म्हटलं अरे अर्धं जग त्यावरच जगतं, फ्रान्समध्ये १९०० च्या सुमाराला माणूस दिवसाला पाऊण किलोच्या वरच ब्रेड खायचा, त्यापुढे ४०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. यावर तो म्हणाला मग खाऊन दाखव.

पोळ्यावाल्या मावशींना उद्यापासून पाच पोळ्या कमी सांगितल्यात, पगार तेवढाच. या प्रकल्पाला मनापासून पाठिंबा असलेल्या सध्या त्या एकट्याच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वजनं करून बघितली. खालच्या बेकरीचा पाव ४२ ते ४५ ग्रॅम भरतो, स्लाईस साधारण २५, ब्रून ६० च्या आसपास. म्हणजे सकाळी तीन पाव, दुपारी डब्यात चार स्लाईस, संध्याकाळी एक ब्रून, रात्री परत तीन पाव, की झाले ४००. ऐकायला फार नाही वाटत. खायलाही फार नाही, खरं सांगतो. पोट भरतं म्हणून अडत नाहीये.

अडतंय ते वेळेवर. बेकरीत सकाळचा माल साडेसहाला येतो तो गरम, तेव्हा पाव नुसता खाल्ला तरी चालतो, काही लावायची गरज नाही. नऊपर्यंत उत्तम. दुपारी ठीक. आणि रात्री नऊ वाजता तोच पाव म्हणजे शिक्षा. संध्याकाळचा माल येतो साडेचारला, तेव्हा मी ऑफिसात, आणि घरी पोचेपर्यंत पावभाजीवाल्या आणि वडापाववाल्यांनी सगळा उचललेला असतो, उरतो तो कडेचा, एका बाजूने करपलेला.

आई म्हणाली, "अरे मग संध्याकाळी मी आणून ठेवते की." तिला गुडघ्यांचा त्रास आहे, तीन मजले उतरणं चढणं. नको म्हटलं.

५ फेब्रुवारी

ऑफिस फोर्टात असल्याचा फायदा घ्यायचं ठरवलं. याझदानी चालत अंतरावर, १९५३ ची बेकरी. क्यानीला मेट्रो सिनेमासमोर जायला जरा तंगडतोड, ती तर १९०४ ची. संध्याकाळचा ब्रून इथे बसूनच खायचा असं ठरवलं तर ६० ग्रॅम तिथल्या तिथे निकालात निघतात.

ब्रून मस्का ज्यांनी नीट बघून खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: वरचं कवच इतकं कडक की सुरी लावली की आधी ते फुटतं, चुरा टेबलभर, आणि आत एकदम पांढरं मऊ. मस्का आडव्या कापात लावतात, मग वरून हाताने दाबतात, की तो कवचाच्या भेगांतून बाहेर येतो. नुसता खाल्ला तर टाळू सोलवटते. तो चहात बुडवायचा, तीन सेकंद, जास्त नाही, आणि बाहेर काढला की चहावर तुपकट गोल गोल चकत्या तरंगतात त्या बघायच्या नाहीत, प्यायच्या.

आज ४१० झाले.

७ फेब्रुवारी

ज्याची भीती होती ते झालं. पोट साफ नाही. जास्त लिहीत नाही.

हिशोब केला. मैद्याच्या पावात १०० ग्रॅममागे अडीच ग्रॅमच्या आसपास फायबर, म्हणजे माझ्या ४०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ तरी हवं. पोळ्या होत्या तेव्हा हे आपोआप व्हायचं, कळायचंही नाही. आईने न विचारता इसबगोल आणून ओट्यावर ठेवलंय. त्यापेक्षा बायकोचा सल्ला बरा वाटला की पावाबरोबर जे खातोस ते बदल, बटाट्याची भाजी आणि अंडं सोड, मटकीची उसळ घे, गवार घे. गवार आणि पाव! पण खाल्ली. वाईट नाही लागत, लसूण जास्त हवी.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी म्हणून एक प्रयोग. आमच्या घरात जे उरेल ते फ्रीजमध्ये जातं, हा आईचा कायदा आहे. सकाळच्या एकाच लादीचे पाव घेतले. एक उघडा ओट्यावर, एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, एक तशाच पिशवीत पण फ्रीजमध्ये, एक फ्रीजरमध्ये. सगळ्यांची वजनं लिहिली.

रात्री बघितलं. उघडा ४४ चा ४१ झाला, सालपट कडक, ते अपेक्षितच. पिशवीतला ४४ चा ४४, एक ग्रॅम कमी नाही, तरी आतून सकाळसारखा नव्हताच, दाबला तर परत वर यायला वेळ लावत होता. फ्रीजमधलाही ४४, आणि हा सगळ्यात वाईट, तोडला की भुगा. म्हणजे पाव शिळा होतो तो नुसता सुकून नाही. हे बूसँगो नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८५२ मध्येच दाखवलंय की हवाबंद ठेवला, पाणी जाऊ दिलं नाही, तरी ब्रेड शिळा होतोच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, गार झाल्यावर तो हळूहळू परत घट्ट रचना धरायला लागतो, आणि हे काम सगळ्यात जोरात चालतं ते फ्रीजच्या तापमानाला. फ्रीजरमध्ये मात्र जवळजवळ थांबतं. फ्रीजरमधला पाव काढून तव्यावर ठेवला तर सकाळी दहाच्या पावाइतका झाला, साडेसहाचा नाही, पण दहाचा नक्की.

परत गरम केला की स्टार्च पुन्हा सैल पडतो म्हणून शिळा पाव भाजला की बरा लागतो, पण ही मऊपणाची उधारी असते, पाच-सात मिनिटांत खाल्ला नाही तर आधीपेक्षा चिवट. सगळ्यात भारी पद्धत आईची निघाली: मोदकपात्रात पाणी उकळायचं, चाळणीवर पातळ फडकं, त्यावर पाव, झाकण, दोन मिनिटं. तव्यावर पाणी शिंपडण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आईला १८५२ ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेवला नाही तर मुंग्या लागतात, हे सांगितलंय का त्याने?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे पाचला खालच्या बेकरीत आत जाऊन उभा राहिलो, चाचांनी येऊ दिलं. बाहेर थंडी (मुंबईची थंडी, म्हणजे पंखा एकवर) आणि आत अंगातून घाम. रात्रीच कणीक मळून, गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये चिकटून चिकटून लावून ठेवलेले, ते फुगून एकमेकांना धरतात तीच लादी. लाकूड आधी भट्टीत जाळून घेतात, मग निखारे बाजूला ओढतात, आणि पाव भाजला जातो तो भिंतींनी आणि फरशीने धरलेल्या उष्णतेवर, जाळावर नाही. पहिला घाणा सगळ्यात कडक लागतो म्हणून आधी ब्रून, मग लादी, आणि भट्टी उतरली की शेवटी टोस्ट सुकायला. एकाच जाळात सगळा माल. हे मला माहीत नव्हतं.

सध्या तिथे बोलायचा विषय एकच. हायकोर्टाने जानेवारीत सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅसवर नाहीतर दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्या, आणि आता महापालिकेच्या नोटिसा यायला लागल्यात. चाचा म्हणाले, "भाऊ, धूर वाईट आहे ते आम्हाला कळत नाही का, सगळ्यात आधी आमच्याच छातीत जातो. पण ही भट्टी तोडून दुसरी बसवायची तर माल किती दिवस बंद, ते कोण बघणार?" भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं म्हणून पाव या भावात मिळतोय हेही खरं. आणि जुन्या फर्निचरचं पॉलिश, रंग, प्लायवूड जळतं तेही खरं, ते मी आज नाकाने घेतलंय. माझं मत कोर्टाच्या बाजूने आहे. फक्त नवीन भट्टीला कर्ज किंवा अनुदान मिळायला हवं, नाहीतर छोटे बंद पडतील आणि मग राहतील ते पुड्यातले स्लाईस.

साडेपाचला पहिली लादी हातात. तिथेच उभ्या उभ्या चार पाव. नुसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोल्हापूरचा मित्र आलाय. मिसळ केली. त्याने पाव बाजूला सारून स्लाईस मागितले, कारण कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाईस ब्रेडच असतो आणि त्याच्या मते पाव म्हणजे मुंबई-नाशिकवाल्यांचं खूळ. म्हणाला, "पाव कट पीत नाही रे, नुसता वरनं भिजतोय, स्लाईस आतपर्यंत कट वढून घेतोय." करून बघितलं, आहे खरं. स्लाईस लगेच भिजतो. पण तोंडापर्यंत येताना अर्धा वाटीत पडतो त्याचं काय, तर म्हणे मग चमच्याने खा. वाद अनिर्णित.

या निमित्ताने काट्यावर दुसरी एक गोष्ट करायला लागलोय, पावाबरोबर काय जातं ते मोजायचं. आणि हे जरा हादरवणारं आहे. ४०० ग्रॅम पाव म्हणजे हजार-अकराशे कॅलरी, ठीक, माझ्या पोळ्या आणि भात मिळून त्याच घरात होते. पण ब्रून मस्क्यात मस्का निदान २० ग्रॅम असतो, १४४ कॅलरी, म्हणजे ६० ग्रॅमच्या ब्रूनच्या जवळजवळ बरोबरीला. त्यावर दोन चमचे साखरेचा चहा. वडापावात वडा पावापेक्षा जड. (दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला असं मानतात, त्या वेळी गिरणीवाल्यांना गाडी पकडता पकडता एका हातात खाता येईल असं काहीतरी हवं होतं. मी सीटवर बसून दोन खातो.) पावभाजीत तर पाव हा बटर तोंडापर्यंत पोचवायचा चमचा आहे नुसता. पोळी आपण दोन घासांत एकदा भाजीशिवाय पण खातो, पाव दुपारनंतर कोणी नुसता खात नाही, कारण तो शिळा व्हायला लागलेला असतो, मग त्याला तेल नाहीतर बटर नाहीतर कट लागतो. म्हणजे परत गोष्ट वेळेवरच येते. ताजा पाव कमी मागतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार, मडगावजवळ

कामासाठी नाही, मित्राच्या घरी, पण प्रकल्प सोबत घेऊन आलोय. कोकणकन्येत रात्री फ्रीजरचे पाव डब्यात घेऊन बसलो होतो, समोरच्या काकूंनी दया येऊन चपाती देऊ केली.

इथे मला जे मुंबईत जमत नव्हतं ते आयतं घडतं. पहाटे सहाच्या आधी पों पों, सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, पोदेर म्हणजे पाववाला दारात. आणि संध्याकाळी परत पों पों. दिवसातून दोनदा! बेकरीकडे माणसाने जायचं नाही, बेकरी दारात येते. काकींनी दारातूनच सांगितलं, त्याने विचारलं, "कितले जाय?" आणि माझ्या वाट्याचा आकडा ऐकून त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

प्रकार: साधा पाव, उंडे (गोल, वरून कडक, आपल्या ब्रूनचे धाकटे), कात्रे पाव, काकणं म्हणजे बांगडीसारखे कडक, चहात टाकायला. आणि पोय. पोय चपटी, वरून कोंडा भुरभुरलेला, आत पोकळ खिसा. गरम असताना फाडली की आतून वाफ येते आणि गव्हाच्या सालीचा वास, जो मला तीन आठवड्यांत विसरायला झाला होता. तिच्यात भाजी भरायची. सकाळी भाजीपाव, पातळ भाजी, वर थोडी सुकी भाजी, आणि मी तीन पोयी खाल्ल्या आणि मस्का लावायचं लक्षातही आलं नाही.

पोर्तुगीजांनी ब्रेड आणला तेव्हा इथे यीस्ट कुठून मिळणार, तर माडाची सूर वापरून पीठ आंबवायचे. सुरेत आंबवणारे जीव आपोआप असतातच. गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या, त्यातही माजोर्डा गावच्या लोकांनी हा धंदा उचलला आणि तिथून तो गोवाभर आणि पुढे मुंबईपर्यंत गेला. आता बहुतेक सगळीकडे बाजारचं यीस्टच. काकी म्हणतात सुरेच्या पावाला किंचित आंबूस वास असायचा आणि तो दुसऱ्या दिवशी पण खाता यायचा. लहानपणचं सगळं चांगलंच असतं हे धरून चाललो तरी, सावकाश आंबवलेल्या पिठात आम्ल तयार होतं आणि असा पाव जास्त टिकतो, तेव्हा काकी बरोबर असणार.

पोट: दोन दिवसांत सुरळीत. कोंड्याला सलाम.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

शून्य ग्रॅम. घरात उपास, आणि उपासाला पाव चालतो का असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. साबुदाणा, वरई, दाण्याची आमटी, रताळं. आई दरवर्षीप्रमाणे कवठाची गूळ घालून चटणी करते. उद्या भरपाई म्हणून ८०० खायचे का? नियमांत याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे नाही खायचे.

२७ फेब्रुवारी

उरलेली कवठाची चटणी गरम ब्रूनला. आंबट, गोड, वर कडक कवच. मस्का नको, काही नको. ऑफिसातल्या त्या वादवाल्याला डब्यातून दिलं, गप्प बसून दोन खाल्ले.

२ मार्च, रविवार

आज पुडे वाचले. सुपरमार्केटात उभा राहून सगळ्या ब्रेडची मागची बाजू. ब्राऊन ब्रेड म्हणून जो घेतो त्यात पहिलाच घटक मैदा आणि खाली १५० नंबरचा रंग, म्हणजे कॅरामल. रंगाने ब्राऊन! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे पहिला शब्द वाचला की बाकीचं नाव वाचायची गरज नाही. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी येऊ नये म्हणून, आणि आपल्या दमट हवेत ब्रेड आतून चिकट होऊन तारा सुटतात तेही त्याने रोखलं जातं, त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही. पोटॅशियम ब्रोमेट (ब्रेड नीट फुगावा म्हणून पिठात घालायचे ते रसायन) मात्र आता कुठेच दिसता कामा नये, २०१६ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत ते सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यावर बंदी घातली. खालच्या बेकरीच्या पावाला अर्थात लेबलच नाही. चाचांना विचारलं काय काय घालता, म्हणाले मैदा, मीठ, साखर, यीस्ट, तेल. आणि? "आणि मेहनत." बरं.

मीठ हा खरा मुद्दा निघतोय. ब्रेड खारट लागत नाही पण १०० ग्रॅममागे एक-सव्वा ग्रॅम मीठ असतं. माझ्या ४०० ला साडेचारच्या आसपास झालं, आणि डब्ल्यूएचओची दिवसाची मर्यादाच ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं त्याच्या वर. आमच्या पोळीच्या कणकेत चिमूटभर असतं, नसतंही. आईचं बीपीचं मशीन आजपासून माझ्याही दंडाला.

८ मार्च, शनिवार

बीपी १३४/८६, १२८/८४, परत १३६/८६. आधीचे आकडे माझ्याकडे नाहीत त्यामुळे पावावर आळ घेता येणार नाही. तरी लोणचं आणि पापड बंद केलं. भाजीत मीठ अर्धं, बायको म्हणते मग मला वरून घ्यावं लागतं. चालू आहे.

रात्रीच्या पावाचा प्रश्न सुटला. सकाळी साडेसहाला लादी आणली की लगेच निम्मी फ्रीजरमध्ये, गरम उतरली की लगेच, दुपारपर्यंत थांबायचं नाही. रात्री मोदकपात्र. पोदेर नाही तर हे.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. घरात आत्तापासून पुरण शिजतंय, म्हणून आजच बंद करतोय.

वजन दीड किलो वाढलं. शेवटच्या दहा दिवसांत वाढ नाही, आणि त्याच दिवसांत मस्का बंद होता, त्यामुळे दीड किलो कोणाच्या नावावर टाकायचं ते कळलं. बीपी परवा १२६/८२. वादवाला म्हणतो मान्य, जेवण आहे, पण गोव्यात.

पुढे काय: पोळी परत चालू, मावशींना सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. पाव आठवड्यातून तीन दिवस, फक्त सकाळी, गरम असतानाच. घरी पोय करून बघायचीय, कणीक, कोंडा आणि चिमूटभर यीस्टवर रात्रभर आंबवून, सूर इथे कुठून आणू. ओव्हन आमचा अडीचशे डिग्रीपर्यंतच जातो, त्यामुळे खिसा फुगेल की नाही शंका आहे, बिडाचा तवा आत तापवून त्यावर टाकून बघेन. फ्रीजरमध्ये अजून नऊ पाव आहेत, त्यांची रंगपंचमीला पावभाजी.